पाणबुड्याच्या कानाचे कोडे आणि तान्ह्या बाळाची कावीळ



मराठी घरांतून जुन्या लाकडी पेटीत जपून ठेवलेली एखादी नथ अजूनही सापडते. त्या नथीतल्या टपोऱ्या मोत्यांना आपली वडीलधारी मंडळी 'बसरा मोती' म्हणत. नाव बसऱ्याचे, पण हे मोती निघत आखाताच्या तळातून. तिथून ते गलबतांनी मुंबईला येत आणि मुंबईच्या बाजारात पारखले जाऊन देशोदेशी जात. ज्या किनाऱ्यांवरून हे मोती येत, त्यांपैकी एक किनारा उम्म अल कुवैनचा.

डिसेंबर १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र स्थापन झाले. त्यातल्या सात अमिरातींपैकी सर्वात कमी वस्तीची ही अमिरात. एका बाजूला मोकळा समुद्र, दुसऱ्या बाजूला उथळ खाडी, खाडीत तिवरांची झाडे आणि लहान लहान बेटे. मोत्यांशी ह्या जागेचे नाते फारच पुरातन आहे. इथल्या एका अश्मयुगीन वस्तीत इ.स.पूर्व सुमारे ५५०० मधला मोती सापडला. जगातल्या सर्वात जुन्या मोत्यांत त्याची गणना होते. खाडीतल्या सिनिया बेटावर सहाव्या शतकाच्या अखेरीपासून आठव्या शतकाच्या मध्यापर्यंत नांदलेले मोतीवाल्यांचे एक गावच उत्खननात मिळाले आणि २०२३ साली ते जगाला ठाऊक झाले. पुढे १९३० नंतरच्या दशकात जपानी कल्चर मोती आणि जागतिक मंदी ह्यांनी हा धंदा बुडवला.

ह्या धंद्यात एक गोष्ट लक्ष देण्यासारखी होती. पाणबुडा, त्याला अरबीत 'गैस' म्हणत, नाकाला चिमटा लावून आणि पायाला दगड बांधून खाली जाई. वर होडीत त्याचा जोडीदार 'सैब' दोरी धरून बसे. श्वास संपत आला की पाणबुडा दोरीला हिसका देई आणि सैब त्याला भराभर वर ओढून घेई. दोघांमधले सगळे बोलणे दोरीने चाले, आवाजाने नव्हे.

आता कोणी म्हणेल, पाण्यात बोलता येत नाही, मग दुसरे काय करणार? ते खरेच आहे. पण त्याहून गमतीची गोष्ट अशी की पाण्यात आवाज चांगला ऐकू येतो, फार लांबचाही येतो, मात्र तो कोणत्या बाजूने आला हे माणसाला नीटसे कळत नाही. आपल्या मॉरिशसच्या प्रवाळाच्या कुंपणाआत पोहणाऱ्यांनीही हा अनुभव घेतला असेल. पाण्याखाली असताना मोटारबोटीची घरघर ऐकू येते, पण ती डावीकडून येते की उजवीकडून, ते कळत नाही. घरघर जणू डोक्याच्या आतच चालली आहे असे वाटते. म्हणून पाण्याखाली बोटीचा आवाज कानी पडला तर कानांच्या भरवशावर दिशा ठरवू नये. वर येऊन डोळ्यांनी पाहावे.

हे असे का होते? पाणबुड्याचे दोन्ही कान धड आहेत, आवाजही पोचतो आहे, मग चुकते काय? ह्या कोड्याचे उत्तर शोधता शोधता आपण मेंदूच्या एका अशा भागात जाऊन पोचतो की तिथली हकीगत प्रत्येक लेकुरवाळ्या घराने ऐकून ठेवावी.

दोन कानांतला हिशेब

समजा, आपण अंगणात उभे आहोत आणि उजवीकडून कोणी हाक मारली. ती हाक उजव्या कानात आधी शिरते आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानात किंचित उशिरा शिरते. हा उशीर जास्तीत जास्त किती? सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतका! हाक अगदी समोरून आली तर उशीर शून्य. मधल्या सगळ्या दिशा ह्या एवढ्याशा फटीत बसवलेल्या असतात. माणसाला सेकंदाच्या एक लाखाव्या भागाचा फरकसुद्धा ओळखता येतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १,५०० मीटर. म्हणजे चौपटीहून जास्त वेगाने. त्यामुळे पाण्याखाली दोन कानांतला उशीर सेकंदाच्या साडेसहा हजाराव्या भागाच्या आसपास येतो. शिवाय पाण्यातला आवाज कवटीच्या हाडांतूनही सरळ आत शिरतो आणि दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच गाठतो. डोक्याची सावली पडून लांबच्या कानाला आवाज मंद लागावा, तेही पाण्यात होत नाही. हवेसाठी घडवलेला हिशेब पाण्यात लागू पडत नाही, म्हणून पाणबुडा गोंधळतो.

हा हिशेब कान करीत नाही. कानाचे काम आवाजाच्या लहरींचे मज्जातंतूंच्या संदेशांत रूपांतर करण्यापुरते आहे. हिशेब होतो मेंदूच्या बुंध्यात, ज्याला शास्त्रीय भाषेत मस्तिष्क स्तंभ म्हणतात. मानेच्या वर, कवटीच्या तळाशी, अंगठ्याएवढ्या जाडीचा हा भाग. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणे असली सगळी न सांगता होणारी कामे इथून चालतात. दोन्ही कानांकडून आलेले संदेश पहिल्यांदा एकमेकांना भेटतात तेही इथेच.

१९४८ साली लॉइड जेफ्रेस ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ह्या भेटीबद्दल एक कल्पना मांडली. दोन गावांहून दोन माणसे एकाच रस्त्याने समोरासमोर चालत निघाली, तर ती कुठे भेटतील ह्यावरून कोण आधी निघाला होता ते सांगता येते. मेंदूतही असेच असावे, असे तो म्हणाला. दोन्ही कानांचे संदेश ज्या पेशीपाशी एकदम पोचतील ती पेशी जागी होईल आणि कोणती पेशी जागी झाली ह्यावरून दिशा कळेल. पुढे कोनिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाणी घुबडाच्या मेंदूत जवळजवळ अशीच रचना शोधून काढली. काळ्याकुट्ट अंधारात केवळ आवाजावरून उंदीर पकडणारा हा पक्षी! माणसासारख्या सस्तन प्राण्यांत तपशील थोडा निराळा आहे, पण मूळ गोष्ट तीच. दोन संदेश एकाच क्षणी आले का, हे तिथल्या चेतापेशींना ओळखावे लागते.

चवीचा पदार्थ मेंदूत

एका चेतापेशीने दुसरीला संदेश द्यायचा म्हणजे दोघींमधल्या बारीक फटीत एक रसायन सोडायचे. ऐकण्याच्या वाटेवर हे रसायन आहे ग्लुटामेट. नाव परके वाटले तरी वस्तू ओळखीची आहे. चिनी पद्धतीच्या नूडल्समध्ये चवीला घालतात ते अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेटचेच मीठ. टोकियोच्या किकुनाए इकेदा ह्यांनी १९०८ साली समुद्रशेवाळाच्या रश्शातून हा चवीचा पदार्थ वेगळा काढला. पुढे पन्नासेक वर्षांनी, १९५९-६० च्या सुमारास, ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे कर्टिस, फिलिस आणि वॉटकिन्स ह्यांनी दाखवले की हाच पदार्थ चेतापेशींवर टाकला की त्या उत्तेजित होतात. आज आपल्याला ठाऊक आहे की मेंदूतले बहुतेक 'उठा, कामाला लागा' असे निरोप ग्लुटामेटच नेतो.

इथे गृहिणींची एक शंका आधीच फेडून टाकू. जेवणातला ग्लुटामेट मेंदूत जाऊन ऐकण्यात ढवळाढवळ करीत नाही. त्यातला बहुतेक भाग आतडीच वापरून टाकतात आणि उरलासुरला रक्तातून मेंदूत सहजी शिरू शकत नाही. मेंदू आपला ग्लुटामेट आपल्या घरीच बनवतो.

निरोप पाठवणारा असला की घेणाराही लागतो. घेणाऱ्या पेशीच्या भिंतीत जी प्रथिने ग्लुटामेट झेलायला बसलेली असतात, त्यांना ग्राही म्हणू या. आपल्या गोष्टीतली खरी गंमत ह्या ग्राहींची आहे, कारण ते एकाच जातीचे नाहीत.

थाप, घंटा आणि हातोडी

भजनाला बसलेल्या मंडळींना हे समजावून सांगणे सोपे आहे. तबल्याच्या चाटीवर बोट पडले की 'ना' वाजतो आणि लगेच विरतो. देवळातली घंटा वाजवली तर नाद कितीतरी वेळ घुमत राहतो. ताल धरायचा तर चाट हवी. घंटा वाजवून तीनतालाचे बोल काढता येतील का?

ग्लुटामेटच्या ग्राहींतही अशी एक चाट आहे आणि एक घंटा आहे. पहिल्या जातीला शास्त्रज्ञ 'अँपा' ग्राही म्हणतात. ग्लुटामेट लागताच त्यांचे दार उघडते, विद्युतभारित कण आत घुसतात आणि दार लगेच मिटते. अँपा ग्राही मेंदूत सगळीकडे आहेत, पण मस्तिष्क स्तंभातल्या ऐकण्याच्या पेशींनी त्यांतले सर्वात चपळ प्रकार निवडून घेतले आहेत. तिथे एक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतच विरून जातो. म्हणूनच लाखाव्या भागाचा हिशेब शक्य होतो. दुसऱ्या जातीचे 'एनएमडीए' ग्राही घंटेसारखे. त्यांचा परिणाम रेंगाळतो. शिकण्या-लक्षात ठेवण्याच्या कामी ते फार मोलाचे, पण तालाला अडचणीचे.

ह्या जागेचा एक चमत्कार १८९३ साली हान्स हेल्ड ह्या जर्मन शास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. फुलाच्या बुडाशी असणाऱ्या हिरव्या पेल्याने कळीला धरावे, तसे एका मज्जातंतूच्या टोकाने पलीकडच्या पेशीला कवेत घेतलेले होते. ह्याला 'हेल्डचा पेला' असेच नाव पडले. सस्तन प्राण्यांच्या मेंदूतला हा सर्वात मोठ्या सांध्यांपैकी एक. इतर ठिकाणी एक तंतू पेशीला एखाद-दुसऱ्या ठिकाणी स्पर्श करतो. इथे एकाच पेल्यातून शेकडो जागांवरून ग्लुटामेट एकदम सुटतो. संदेश चुकू नये, उशीर होऊ नये, म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज!

आता तिसरी जात, आणि आजच्या लेखाचा गाभा हाच. बैठक सुरू होण्याआधी तबलजी हातोडी घेऊन तबल्याचे गठ्ठे ठोकतो. त्या ठोकण्याने गाणे वाजत नाही. पण वादी ताणली जाते, पुडी कमी-अधिक घट्ट होते आणि मग बोटाची तीच थाप निराळी बोलते. ग्लुटामेटचे जे 'मेटाबोट्रॉपिक' ग्राही आहेत, ते ह्या हातोडीचे काम करतात. त्यांच्यात स्वतःचे दार नसते. ग्लुटामेट लागला की ते पेशीच्या आत रासायनिक निरोपांची एक साखळी सुरू करतात. त्या साखळीने पोटॅशियम किंवा कॅल्शियम ह्या कणांच्या दारांची उघडझाप बदलते आणि पेशी किती चटकन उठेल हे ठरते. काही प्रकार पेशीला अधिक तयार करतात, काही तिला शांत करतात. असे ग्राही आहेत ह्याचा पहिला ठोस पुरावा १९८५ साली मिळाला आणि १९९१ साली त्यांतल्या पहिल्या ग्राहीची जनुकीय ओळख पटली. आज त्यांचे आठ प्रकार माहीत आहेत.

हेल्डच्या पेल्यापाशी ही हातोडी कशी चालते, ते १९९६ साली ताकाहाशी, फोर्साइथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. पेल्यावरच्या ह्या ग्राहींना चेतवले की पेल्यात शिरणारा कॅल्शियमचा प्रवाह कमी होतो आणि कॅल्शियम कमी म्हणजे पुढे सुटणारा ग्लुटामेटही कमी. देणाऱ्याच्या हाताला जणू लगाम बसतो. २००४ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. घेणाऱ्या पेशीवरचे असेच ग्राही जागे झाले की ती पेशी उलटा निरोप पाठवते, 'जरा दमाने!' हा उलटा निरोप नेणारी रसायने गांजातल्या रसायनाच्या गोत्रातली आहेत, पण ती शरीर स्वतःच बनवते.

तात्पर्य असे की ऐकण्याच्या वाटेवर तीन कामे एकाच पदार्थाने साधली आहेत. थाप मारणे, नाद रेंगाळवणे आणि वाद्य जुळवणे. हे जुळवणे बिघडले तर काय होते, ते आता पाहू.

बाळाचा मेंदू सूर लावतो तेव्हा

उंदराचे पिल्लू जन्मतः बहिरे असते. साधारण बाराव्या दिवशी त्याला ऐकू येऊ लागते. टोरांटोच्या जोशी आणि वांग ह्या संशोधकांनी २००२ साली ह्या दिवसांच्या आगेमागे हेल्डच्या पेल्याची तपासणी केली. ऐकू येऊ लागण्याच्या सुमारास घंटेसारखे एनएमडीए ग्राही मागे पडत जातात आणि चपळ अँपा ग्राहींचा ठोका अधिक जोरकस व अधिक तोकडा होतो, असे त्यांना आढळले. म्हणजे ह्या पेशी जन्मतः तयार नसतात. त्या वाढीच्या एका ठराविक काळात तयार होतात.

अमेरिकेत सिॲटल येथे एडविन रूबेल ह्यांच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या पिलांवर जे काम झाले ते ह्याहून विचार करायला लावणारे आहे. पिलाच्या एका कानाकडून येणारे संदेश बंद केले तर त्या बाजूच्या मस्तिष्क स्तंभातल्या पहिल्या ठाण्यावरच्या पेशी काही तासांतच आजारी दिसू लागतात आणि शंभरातल्या वीस-तीस मरूनही जातात. का मराव्यात? त्या तर कानात नाहीत, कोणी त्यांना हात लावलेला नाही. १९९६ साली झिरपेल आणि रूबेल ह्यांनी त्याचे कारण शोधले. कानाकडून ग्लुटामेट येत राहिला की पेशीवरचे मेटाबोट्रॉपिक ग्राही पेशीतले कॅल्शियम ताब्यात ठेवतात. ग्लुटामेट थांबला की हा ताबा सुटतो, कॅल्शियम चढत जाते आणि पेशी धोक्यात येते.

म्हणजे कानाकडून येणारे संदेश ह्या पेशींना अन्नासारखे आहेत. सस्तन प्राण्यांतही कोवळ्या वयात संदेश तुटले तर पेशींचे नुकसान होते. तेच मोठेपणी तुटले तर त्या बहुधा तग धरतात. माणसाचे मूल म्हणजे कोंबडीचे पिल्लू नव्हे, हे कबूल. तरीही ऐकण्यातले व्यंग लवकर ओळखण्यावर डॉक्टर एवढा भर का देतात, ह्याचे एक कारण इथे दिसते. १९९८ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात असे दिसून आले की ज्या मुलांचे व्यंग सहा महिन्यांच्या आत ओळखले गेले आणि उपाय सुरू झाले, त्यांची भाषा उशिरा ओळखलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे चांगली वाढली.

कावीळ आणि कान

आता शीर्षकातल्या काविळीकडे येऊ. जन्मल्यानंतर पहिल्या आठवड्यात पुष्कळ बाळे पिवळी दिसतात. रक्तातल्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ होतो. बाळाचे यकृत कोवळे असल्याने तो लवकर बाहेर टाकला जात नाही. बहुतेक वेळा ही कावीळ आपोआप उतरते. पण ती फार चढली तर बिलिरुबिन मेंदूत शिरते आणि ज्या जागा त्याला लवकर बळी पडतात, त्यांत मस्तिष्क स्तंभातली ऐकण्याची वाट आहे. लेस्टरच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली जन्मजात काविळीच्या उंदरांत पाहिले, तेव्हा बिलिरुबिन एकदम वाढल्यावर हेल्डच्या पेल्याची, म्हणजे ग्लुटामेट देणाऱ्या बाजूचीच, पडझड झालेली आढळली. चोवीस तास चालणारा, एवढ्या काटेकोर तालाचा सांधा तेवढाच नाजूक असावा, ह्यात नवल नाही.

इथे एक फसगत होऊ शकते आणि ती प्रत्येक आजीने समजून घ्यावी. काविळीने बिघाड होतो तो बऱ्याच वेळा कानात नसतो, कानाच्या पुढच्या वाटेवर असतो. नवजात बाळाची एक तपासणी अशी आहे की कानात बारीकशी नळी ठेवून कानाने परत पाठवलेला अगदी सूक्ष्म आवाज मोजतात. कान स्वतः असा आवाज काढतो हे डेव्हिड केंप ह्यांनी १९७८ साली दाखवले. ही तपासणी चांगली आहे, पण ती फक्त कानाची. कान धड असेल तर बाळ ह्या तपासणीत उत्तीर्ण होते, मग पुढची वाट तुटलेली का असेना! असे मूल भांडे पडले तर कधी दचकते, कधी दचकत नाही. मोठे झाल्यावर आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. घरचे म्हणतात, ऐकू तर येते, पण हट्टी आहे. हट्टी नसते हो ते, त्याच्या मेंदूत ताल चुकलेला असतो. ह्या विकाराला १९९६ साली स्वतंत्र नाव मिळाले, श्रवण-मज्जाविकार.

तो ओळखायला दुसरी तपासणी लागते, जिला आपले डॉक्टर 'बेरा' म्हणतात. बाळ झोपलेले असताना डोक्याला तारा चिकटवून कानात टकटक असा आवाज देतात आणि पुढच्या सेकंदाच्या शंभराव्या भागात मस्तिष्क स्तंभातून उठणाऱ्या लाटा मोजतात. जुएट आणि विलिस्टन ह्यांनी १९७१ साली ह्या लाटांचे नीट वर्णन केले. ह्या तपासणीत बाळाला काही दुखत नाही. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली अली यावर जंग ह्यांच्या नावाने श्रवणविकारांची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिथे आणि मोठ्या शहरांच्या इस्पितळांत अशा तपासण्या होतात.

घरात करण्यासारखे

पहिल्या चोवीस तासांतच बाळ पिवळे दिसले, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, बाळ गळून जाऊन अंगावर पिईनासे झाले, किंवा अंग मागे ताणून किरट्या आवाजात रडू लागले, तर एक तासही वाट पाहू नये. सरळ इस्पितळ गाठावे. काविळीची माळ घालणे, उतरवून टाकणे ह्यांत मोलाचा वेळ जातो. कोवळे ऊन हा जुना उपाय पूर्ण निराधार नाही. इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या इस्पितळात १९५६ साली वॉर्ड नावाच्या परिचारिकेच्या लक्षात आले की उन्हात ठेवलेल्या बाळाची उघडी कातडी कमी पिवळी होते. त्यातूनच निळ्या दिव्यांचा उपचार निघाला. पण चढलेल्या काविळीला दिवाच हवा. उन्हावर भरवसा ठेवून चालत नाही.

दुसरी गोष्ट त्या जुन्या पेटीची. काही कुटुंबांत तांबड्या पेशींतल्या 'जी-सिक्स-पीडी' ह्या द्रव्याची जन्मजात उणीव असते. भारतात, आखाती देशांत आणि पूर्वी हिवतापाने गांजलेल्या इतर पुष्कळ मुलखांत ती आढळते. अशा बाळाला डांबराच्या गोळ्यांचा वासही बाधतो. तांबड्या पेशी भराभर फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. पणजीची नथ पेटीत जरूर ठेवा, पण त्याच पेटीत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली दुपटी आणि कुंच्या काढून तशाच बाळाला घालू नका. आधी गोळ्याच ठेवू नयेत हे उत्तम. आखातात न्याहारीला खातात ते बाकला शेंगांचे दाणेही ही उणीव असलेल्यांना वर्ज्य. नोकरीनिमित्त तिकडे राहणाऱ्या आपल्या मुला-सुनांना हे कळवून ठेवावे.

तिसरी गोष्ट, बाळ काविळीमुळे दिव्याखाली राहिले असेल, अपुऱ्या दिवसांचे असेल, किंवा जन्मतः अतिदक्षता विभागात ठेवावे लागले असेल, तर कानाची साधी तपासणी पुरेशी मानू नका. 'बेरा केली का?' असे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. जगभर एक सोपे वेळापत्रक मानले जाते. पहिली तपासणी एका महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांच्या आत, उपाय सहा महिन्यांच्या आत. एक, तीन, सहा. बारशाच्या दिवशी कुणीतरी हे आकडे मोठ्याने म्हणून दाखवावेत.

शेवटची गोष्ट मोठ्यांसाठी. फार मोठ्या आवाजाने कानातल्या सांध्यांवर ग्लुटामेटचा पूर लोटतो आणि मज्जातंतूंची टोके सुजतात. २००९ साली कुजावा आणि लिबरमन ह्यांनी उंदरांत दाखवले की मोठ्या आवाजानंतर ऐकणे वरकरणी पूर्ववत झाले, तरी तुटलेली कितीतरी टोके परत जोडली गेलीच नाहीत. आतला पुरवठा घटला की मस्तिष्क स्तंभ आपली हातोडी उचलून वाद्य अधिक ताणतो, पेशी जास्त तापट होतात आणि कानात सततची शिट्टी वाजू लागते, असे तज्ज्ञांचे मत आहे. आठ तास ऐकायचे तर ८५ डेसिबलची मर्यादा सांगितली जाते. गणेशचतुर्थीला झाकरी रंगात आली की कर्ण्यापाशी तान्हे मूल घेऊन उभे राहू नये. चार पावले मागे उभे राहिल्याने बाप्पा रागावत नाही.

उम्म अल कुवैनच्या सैबला खाली गेलेल्या जोडीदाराचा आवाज येत नसे, म्हणून तो दोरीवरचा हात क्षणभरही सैल सोडीत नसे. पाळण्यातले बाळही आपल्याला काय ऐकू येते आणि काय नाही, हे सांगू शकत नाही. त्याच्या पहिल्या सहा महिन्यांत दोरी आपल्या हातात असते.